पडद्यामागच्या पेटीची कैफियत

संग्राहक : चित्रपटाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी डोळ्यांची चाकरी इमानाने केली आणि कानांची मात्र उपेक्षा केली, ही माझी जुनी तक्रार आहे. 14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात अर्देशिर इराणी यांचा ‘आलम आरा’ झळकला. तो टॅनार नावाच्या यंत्रावर मुद्रित झाला होता. चित्र आणि आवाज एकाच फितीवर एकाच वेळी उमटत असल्यामुळे चुकलेला शब्द मागाहून सुधारण्याची सोय त्यात नव्हती. आणि स्टुडिओशेजारून आगगाड्या जात असल्याने बरेचसे काम रात्री उरकावे लागले. एवढे आपण अभिमानाने सांगतो, पण ते ध्वनियंत्र पुढे कोणाच्या ताब्यात गेले आणि कोणत्या वखारीत मोडले, हे विचारावेसे फारसे कुणाला वाटले नाही. चित्रपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. त्याच्या प्रती ज्यावर छापल्या असे सांगितले जाते, ते बेल अँड हॉवेल कंपनीचे छपाईयंत्र मात्र मुंबईत अलीकडे सापडले. म्हणजे कृती नष्ट झाली आणि साधन उरले! असे असताना पानिपतच्या मोडीच्या वखारीत मला मिळालेल्या, नामपट्टी नसलेल्या, धुळीने माखलेल्या ध्वनिवर्धकाच्या पेटीकडे तुम्ही नाक मुरडून पाहावे, याचे मला वैषम्य वाटते. माझ्या मते ही कारखान्याच्या रांगेतून निघालेली पेटी नाही. कोणीतरी नवी कल्पना पारखून पाहण्यासाठी हाताने घडवलेला हा पहिलावहिला नमुना आहे, आणि असे नमुने हुडकून, ओळखून, जतन करणे हे पुराणवस्तू जतन करण्याइतकेच मोलाचे काम आहे.

शंकित : कामाच्या मोलाविषयी वाद नाही, वाद आहे तो ‘ओळखून’ या शब्दाशी. आपण दोघे नोकरीनिमित्त ज्या गावी येऊन राहिलो, ते पानिपत मराठी माणसाला या बाबतीत पुरेसे सावध करणारे आहे. 14 जानेवारी 1761 रोजी येथल्या लढाईत मराठ्यांचे सेनापती सदाशिवराव भाऊसाहेब पडले. त्यांच्या देहाची ओळख निःसंशय पटली की नाही, याविषयी लोकांच्या मनात किंतु राहिला. आणि त्या किंतूच्या आधाराने पुढे जो तोतया उभा राहिला, त्याने पेशव्यांच्या कारभाऱ्यांना पंधरा वर्षे पुरेल एवढा मनस्ताप दिला. त्याला बंदीत ठेवले, तो सुटला, कोकणात त्याने फौज जमवली, आणि अखेर 1776 साली पुण्यात चौकशी होऊन त्याला देहदंड झाला. त्याला मानणारे सगळेच काही मूर्ख किंवा लबाड नव्हते. भाऊसाहेब जिवंत असावेत अशी त्यांची मनापासून इच्छा होती, आणि इच्छेने साक्षीची जागा घेतली की तोतयाला मुखवट्याचीसुद्धा गरज उरत नाही. तुमची पेटी बोलत नाही, म्हणून ती तोतयेपणा करणार नाही असे समजू नका. ती गप्प आहे म्हणूनच तिच्या तोंडी तुम्ही हवी ती कैफियत घालू शकता. नामपट्टी नाही, ही तुमची पहिली साक्ष; पण पट्टी पितळेची असते आणि पितळ वजनावर विकले जाते, हे साधे कारण आधी बाद करा, मग नव्या कल्पनेकडे वळा.

संग्राहक : तोतयाची चौकशी झाली ती अंगावरच्या खुणांवरून आणि जुन्या माणसांच्या साक्षीवरून, मीही तोच मार्ग धरला आहे. पेटीचे झाकण उघडून पाहा. आतल्या पत्र्याच्या चासीला व्हॉल्व्ह बसवण्यासाठी जी वर्तुळे कापली आहेत, त्यांच्या कडा साच्याने दाबून काढलेल्या नाहीत. लहान भोके शेजारीशेजारी पाडून, मधला पत्रा उडवून, कानशीने गोल केलेल्या आहेत, आणि कानशीचे ओरखडे अजून बोटाला लागतात. एका कोपऱ्यात चार भोके अशी आहेत की ज्यांत काहीच बसवलेले नाही; म्हणजे ट्रान्सफॉर्मर आधी तेथे होता, गुणगुण येऊ लागली म्हणून इकडे हलवला. तारा सुती वेष्टणाच्या असून मेणलावल्या दोऱ्याने जुड्या बांधलेल्या आहेत. रेझिस्टन्सशेजारी पत्र्यावर शिसपेन्सिलीने आकडे लिहिले आहेत आणि त्यातले दोन खोडून पुन्हा लिहिले आहेत. स्क्रूंचे आटे मी मापून पाहिले. जुन्या ब्रिटिश उपकरणांतल्या बी.ए. आट्याचा कोन साडेसत्तेचाळीस अंशांचा, व्हिटवर्थचा पंचावन्नचा, तर अमेरिकन आणि मेट्रिक आट्यांचा साठाचा. या पेटीत चासीचे स्क्रू बी.ए. आहेत आणि ट्रान्सफॉर्मर धरणारे अमेरिकन. एवढा सरमिसळ संसार कोणताही कारखाना आपल्या ठरलेल्या मालात चालवून घेत नाही. सोबत मिळालेल्या लाउडस्पीकरच्या पाठीवर 220 ने सुरू होणारा शिक्का आहे. अमेरिकन रिवाजाप्रमाणे पहिले तीन आकडे कारखान्याचे, आणि 220 म्हणजे जेन्सन. खोडलेले आकडे आणि रिकामी भोके ही विचार चालू असल्याची चिन्हे आहेत. तयार मालात विचार दिसत नाही, फक्त निर्णय दिसतो.

शंकित : वाक्य सुरेख आहे, पण पुरावा तेवढा सुरेख नाही. त्याच शिक्क्यात पुढचा आकडा वर्षाचा आणि त्यापुढचे आठवड्याचे. आणि वर्षाचा आकडा एकच असेल तर 6 म्हणजे 1946 की 1956, हे तो शिक्का सांगत नाही. शिवाय लाउडस्पीकर पेटीबरोबर वखारीत आला, म्हणून तो पेटीबरोबर चित्रगृहात होता हे कसे ठरले? आता तुमच्या खुणांकडे येतो. कानशीने घासलेली वर्तुळे, हलवलेला ट्रान्सफॉर्मर, मिश्र आटे, पेन्सिलीचे आकडे ही सर्व लक्षणे पहिल्या नमुन्यात आढळतात हे खरे. परंतु तीच लक्षणे, एकही कमी न पडता, आपल्याकडच्या दुरुस्त केलेल्या यंत्रातही आढळतात. जत्रेजत्रेतून फिरणाऱ्या तंबूतल्या टॉकीजचा विचार करा. बैलगाडीतून नाहीतर ट्रकमधून हादरे खात गेलेला ध्वनिवर्धक, गावच्या विजेचे चढउतार, जळलेला ट्रान्सफॉर्मर, आणि संध्याकाळचा खेळ रद्द केला तर तंबू फाडायला उठणारे प्रेक्षक! अशा वेळी मेकॅनिक विलायतेहून सुटा भाग मागवत बसत नाही. तो दुसऱ्याच कंपनीचा ट्रान्सफॉर्मर आणतो, चासीला नवी भोके पाडतो, व्हॉल्व्हची जात बदलतो, आणि बदललेले आकडे पेन्सिलीने लिहून ठेवतो, कारण पुढच्या वेळी त्यालाच ते लागणार असतात. वीस वर्षे अशी सेवा झालेली वेस्टर्न इलेक्ट्रिकची किंवा आर.सी.ए.ची पेटी तिच्या जन्मदात्या अभियंत्यालाही ओळखू येणार नाही. जेथे प्रत्येक यंत्र एकुलते एक झाले आहे, तेथे एकुलतेपणा हा अग्रमानाचा पुरावा कसा ठरावा?

संग्राहक : दोन्हींत फरक आहे, आणि तो थरांत सापडतो. दुरुस्ती ही मूळ कामावर नंतर चढलेली असते. जुन्या डाखावर नवा डाख चढला की त्याची चकाकी वेगळी पडते. रंगाखालचे भोक आणि रंग फोडून पाडलेले भोक यांत कालक्रम वाचता येतो. माझ्या पेटीतली रिकामी चार भोके रंगाच्या आत आहेत. म्हणजे ट्रान्सफॉर्मर हलवला तो पेटी रंगवण्यापूर्वी, चित्रगृहात जाण्यापूर्वी.

शंकित : किंवा पेटी दुसऱ्यांदा रंगवण्यापूर्वी. हंगामापूर्वी सगळ्या सामानाला रंगाचा हात देणारे मालकही असतात. खालच्या थराखाली आणखी एक थर आहे की नाही, हे खरवडून पाहिलेत काय? आणि खरवडलेत, तर त्या जागेचा पुरावा कायमचा गेला! पण माझी खरी भीती वेगळी आहे. या वस्तूंना आता बाजार आला आहे. वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या जुन्या व्हॉल्व्हना आणि कर्ण्यांना जपानातले श्रवणशौकीन किती मानतात, हे तुम्हाला माझ्याहून अधिक ठाऊक आहे. बाजार आला की दंतकथा त्याच्या पाठोपाठ येते, आणि पानिपतला तर दंतकथा तयारच आहे. डॉल्बी हे नाव पोरांच्या तोंडीसुद्धा आहे. ते रे डॉल्बी 1963 ते 1965 या काळात युनेस्कोचे सल्लागार म्हणून केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेच्या कामासाठी भारतात होते, आणि ती संस्था चंदीगढची. फितीवरची खरखर कमी करण्याची त्यांची प्रसिद्ध कल्पना त्याच मुक्कामात सुचली असे सांगतात. दिल्लीहून चंदीगढला जाणारा हमरस्ता पानिपतवरून जातो. आता या तीन खऱ्या विधानांपुढे तुमची बेनामी पेटी ठेवा, आणि एखादा चतुर दलाल चौथे खोटे विधान किती सहज जोडील ते पाहा. वास्तविक डॉल्बींनी आपली प्रयोगशाळा 1965 साली लंडनमध्ये काढली, पहिले उपकरण पुढच्या वर्षी तेथेच बाहेर पडले, आणि ते ट्रान्झिस्टरचे होते. तुमच्या पेटीत व्हॉल्व्ह आहेत. तरीही पेटीला त्या मोठ्या नावाचा हवाला देण्याचा मोह तुम्हाला क्षणभरही झाला नाही, असे शपथेवर सांगाल?

संग्राहक : मोह झाला, आणि व्हॉल्व्ह मोजल्यावर तो उतरला, यालाच मी परीक्षा म्हणतो. पण त्याच उदाहरणातून मी उलट बोध घेतो. डॉल्बींची कल्पना काय होती? नाजूक आवाज मुद्रित करताना ठरावीक मापाने उचलायचे आणि ऐकवताना त्याच मापाने उतरवायचे, म्हणजे मधल्या मध्ये फितीने घातलेली खरखर तेवढी खाली बसते. आणि हे सबंध आवाजाला एकाच हिशेबाने न करता त्याचे चार पट्टे पाडून करायचे. आज हे वाचताना सोपे वाटते, कारण यशस्वी मार्ग तेवढा आपल्यापुढे आहे. टाकून दिलेले मार्ग दिसत नाहीत. टाकून दिलेले मार्ग फक्त नमुन्यांत शिल्लक राहतात. 1930 नंतरच्या मोठ्या चित्रगृहांतले लाउडस्पीकर घ्या. खालच्या सुरांचा कर्णा घड्या घालून लांबवलेला आणि वरच्या सुरांचा आखूड, त्यामुळे एकाच ठोक्याचे दोन भाग मागेपुढे पोचत, आणि नर्तकीच्या पावलाचा एक टोला दोनदा ऐकू येई. मेट्रो-गोल्डविन-मेयरच्या ध्वनिविभागात डग्लस शिअरर, जॉन हिलिअर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही कर्ण्यांच्या वाटा जवळपास सारख्या करून 1936 च्या सुमारास जी रचना सिद्ध केली, तिच्यावर चित्रगृहातला आवाज पुढे अनेक वर्षे उभा राहिला. तयार कर्णा पाहून हे उत्तर कळते. प्रश्न कळायचा तर फसलेला कर्णा हाताशी हवा. ज्या समाजाने फक्त यश जतन केले, त्याला आपले पूर्वज जन्मतःच शहाणे होते असा भ्रम होतो.

आणि मोडीच्या बाजाराविषयी एवढी तुच्छता नको. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंनी मुंबईच्या चोरबाजारातून जुने प्रोजेक्टर आणले, त्यावर खेळ केले, त्याची रचना न्याहाळली, आणि त्यातून स्वतःचा कॅमेरा घडवण्याचा ध्यास घेतला. 1916 साली आनंदराव गेले; बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या साहाय्याने 1918 च्या सुमारास तो कॅमेरा पुरा केला, आणि 1920 साली त्यांचा ‘सैरंध्री’ लोकांपुढे आला. मराठी चित्रपटाचा पाया मोडीतल्या यंत्रावर घातला गेला आहे, हे विसरून कसे चालेल?

शंकित : विसरत नाही, उलट याच उदाहरणाने माझे म्हणणे स्पष्ट होते. कोल्हापूरच्या त्या कॅमेऱ्याला आद्य नमुन्याचा मान कशामुळे मिळाला? त्यावर कानशीचे ओरखडे होते म्हणून? नव्हे, त्याच्या मागे परंपरा उभी राहिली म्हणून. महाराष्ट्र फिल्म कंपनी निघाली, तिच्यातून शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर बाहेर पडले, 1929 साली ‘प्रभात’ स्थापन झाली, आणि ज्या दामल्यांनी कॅमेरा घडवण्यात हात घातला तेच पुढे प्रभातच्या बोलपटांत ध्वनीची बाजू सांभाळू लागले. कारागिराचा हात, यंत्र, माणूस, संस्था आणि कलाकृती अशी अखंड साखळी तेथे आहे. कोणतीही वस्तू स्वतःच्या अंगाने पहिली नसते. तिच्यानंतर दुसरी येते तेव्हा ती पहिली ठरते. तुमच्या पेटीचा वंश दाखवा. तिच्यासारखी दुसरी पेटी कोठे आहे? तिच्यातला कोणता बदल कोणत्या कंपनीने उचलला? कोणत्या दप्तरात तिचा आराखडा आहे? काहीच नसेल, तर ती पहिली नाही आणि शेवटचीही नाही. ती निव्वळ एकटी आहे.

संग्राहक : येथे तुम्ही नकळत एक मोठा अन्याय मंजूर करीत आहात. वंश दाखवता येतो तो ज्यांच्यापाशी भांडवल होते, पेटंट होते, कारकून होते आणि दप्तर होते त्यांना. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट 2016 साली कान महोत्सवात दाखवला गेला आणि तेथे त्याचा गौरवही झाला. महाराष्ट्रातल्या जत्रांतून फिरणाऱ्या टॉकीजची ती कहाणी आहे, आणि तिच्यात प्रोजेक्टर दुरुस्त करण्यात हयात घालवलेला एक वृद्ध कारागीर स्वतःच्या कल्पनेने घडवलेले प्रोजेक्टर दाखवतो. त्या यंत्राचा वंश वाढला नाही, कारण ते सिद्ध झाले तोवर फितीचा जमानाच आटोपत आला होता. तुमच्या व्याख्येप्रमाणे ते यंत्र कोणत्या वर्गात जाईल? कारागिराची बुद्धी उणी नव्हती. काळाने त्याला वारस दिला नाही. वारस नसलेल्याची इस्टेट सरकारजमा करण्याचा कायदा आहे, पण निर्वंश माणूस जन्मलाच नव्हता असे ठरवणारा कायदा मी अजून वाचलेला नाही.

शंकित : हा आक्षेप मला मान्य करावा लागेल. पण त्या यंत्रापाशी आणि तुमच्या पेटीपाशी एक फरक आहे: त्याचा कर्ता जिवंतपणी त्याच्याशेजारी उभा राहून ‘हे मी केले, आणि याकरिता केले’ असे सांगतो. तुमच्या पेटीचा कर्ताही नाही आणि ‘याकरिता’ही नाही. बरे, ती जतन करायची म्हणता, तर कोणी? पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 पासून आहे, मुंबईत गुलशन महालात भारतीय चित्रपटाचे राष्ट्रीय संग्रहालय 2019 मध्ये उघडले, आणि राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेला 597 कोटी रुपयांची मंजुरी मिळाली; पण त्या मोहिमेचा रोख चित्रफितींवर आहे आणि तो तसाच असला पाहिजे, कारण फीत कुजते, लोखंड तेवढ्या घाईने कुजत नाही. अशा जड पेट्या ठेवायला कोरडी जागा हवी. जुन्या काही कंडेन्सरांत पॉलीक्लोरिनेटेड बायफिनाइलचे विषारी तेल असते; सेलेनियमचा रेक्टिफायर जळला तर त्याचा धूर फुप्फुसाला घातक. आणि मी तर याहून कठोर प्रश्न विचारतो. याच पानिपतात साऱ्या जगाचे जुने लोकरी कपडे येतात. बायका त्यांची बटणे, चेनी आणि पट्ट्या कापून काढतात, रंगवार ढीग लावतात, यंत्रे त्यांच्या चिंध्या करतात, आणि त्या लोकरीचा पुन्हा धागा होऊन घोंगडी विणली जातात. लोकर वाया जात नाही आणि थंडीत कुडकुडणाऱ्याच्या अंगावर ऊब येते. तुमच्या पेटीतले व्हॉल्व्ह कुणा शौकिनाच्या घरी पुन्हा गाऊ लागले, तांबे पुन्हा तारेत गेले, तर नेमके काय बिघडले?

संग्राहक : लोकरीचे काहीच बिघडले नाही, कोट मात्र गेला. तो कोणाच्या मापाने बेतला होता, कोठे उसवून पुन्हा शिवला होता, हे सांगणारी बटणे आणि पट्ट्याच सर्वांत आधी कापली जातात, हे तुम्हीच आत्ता सांगितलेत. घोंगडे गरजेचे आहे, म्हणून मी लाखो कोटांविषयी तक्रार करणार नाही. पण एखादा कोट बाजूला काढून ठेवण्याचा विवेक एवढ्या मोठ्या पेठेत असायला हरकत नाही. शिवाय माझी अपेक्षा पेटी काचेआड ठेवण्यापुरती नाही. तिचा आवाज मला ऐकायचा आहे. एक्सायटर दिव्याची प्रकाशरेषा फितीच्या कडेवरच्या नागमोडी ध्वनिपट्टीतून आरपार जावी, पलीकडच्या फोटोसेलने ती थरथर विजेत पालटावी, आणि या पेटीने ती वाढवून पडद्यामागच्या कर्ण्याला द्यावी. यंत्र चालते तेव्हाच त्याचा हेतू उलगडतो.

शंकित : आता तुम्ही स्वतःच्याच विरुद्ध साक्ष देऊ लागलात, आणि हे मला या सबंध चर्चेतले मर्म वाटते. पेटी चालू करायची तर जुने कागदी कंडेन्सर काढावे लागतील, कारण ते गळतात. सुती वेष्टणाच्या तारा बदलाव्या लागतील, कारण त्या धक्का देतील. कदाचित पुन्हा डाख द्यावा लागेल. म्हणजे ज्या थरांवर, ज्या डाखांवर, ज्या खोडलेल्या आकड्यांवर तुम्ही ओळख पटवली, तेच तुम्ही आपल्या हाताने पुसणार! पेटी गाऊ लागेल त्या दिवशी तिची साक्ष संपेल. आणि ऐकाल तरी काय? 1938 पासून रूढ झालेल्या अकादमी वक्राप्रमाणे चित्रगृहे वरचे सूर मुद्दाम दाबत, म्हणजे फितीची खरखर ऐकू येऊ नये. मुद्रक ते जाणून मुद्रण करीत. तो आवाज पेटीत नव्हता; तो फीत, पेटी, कर्णा, भोके पाडलेला पडदा आणि माणसांनी भरलेले सभागृह या सर्वांच्या तडजोडीत होता. दिवाणखान्यात एकटी पेटी लावून तुम्ही त्या तडजोडीतला एक पक्षकार बोलवाल आणि निकाल मात्र साऱ्यांच्या नावे लिहाल.

संग्राहक : पेच आहे, हे कबूल. पण पेच आहे म्हणून हात बांधून बसणे मला पटत नाही. आधी पंचनामा, मग हात लावणे, असा क्रम मी धरतो. झाकण उघडण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे. प्रत्येक तारेचा नकाशा. प्रत्येक कंडेन्सरवरचा मजकूर वहीत. जो भाग काढला त्याला चिठ्ठी बांधून त्याच पेटीच्या नावाने वेगळा मुद्देमाल. वीज द्यायचीच तर ती एकदम नाही, व्हॅरिअॅकने चढवत चढवत. आणि पेटी एकुलती एक असेल, तर तिला न छेडता तिच्या नकाशावरून दुसरी बांधावी आणि ती वाजवावी. याशिवाय जी साक्ष कोणत्याही पेटीत नसते, ती जिवंत ऑपरेटरांपाशी आणि मेकॅनिकांपाशी आहे. कोणता ट्रान्सफॉर्मर का बदलला, कोणत्या गावी आवाज घोगरा झाला आणि काय केल्यावर सुटला, हे त्यांना आठवते. ती माणसे आज म्हातारी आहेत. यंत्र दहा वर्षे थांबेल, त्यांना थांबता येणार नाही.

शंकित : तोंडी साक्षीनेच तोतयाला पंधरा वर्षे जगवले, हे ध्यानात असू द्या. भाऊसाहेब परत येतील या आशेने त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी सौभाग्यालंकार उतरवले नाहीत, असे सांगतात. त्या निष्ठेपुढे कोणाचीही मान लवेल, पण तिने ओळख सिद्ध होत नाही. मेकॅनिकची साक्ष जरूर घ्या, आणि ती पत्र्यावरच्या खुणांशी ताडून पाहा. जुळली तर दोन्ही बळकट होतील, न जुळली तर तेही लिहून ठेवा. एका मुद्द्यावर मात्र मी माझी भूमिका बदलतो. मी आल्यापासून विचारत होतो की ही पेटी पहिली आहे काय. हा प्रश्नच बाजाराचा आहे. पहिलेपणाला किंमत येते म्हणून तो विचारला जातो. संग्रहाने विचारायचा प्रश्न असा, की ही पेटी कोणत्या अडचणीला दिलेले उत्तर आहे. ट्रान्सफॉर्मर हलवणारा हात लंडनचा असो, मुंबईचा असो की जत्रेतल्या तंबूतला असो, गुणगुणीची अडचण खरी होती आणि तिच्यावर काढलेला तोडगाही खरा आहे. तेवढे सिद्ध करता येते. ‘आद्य नमुना’ या रकान्यात तुम्ही ‘होय’ लिहाल तर मी हरकत घेईन. कोणी ‘नाही’ लिहील तर त्यालाही घेईन. ‘अनिर्णीत’ असा रकाना आपल्या फेरिस्तांत नसतो, तो आधी पाडा.

संग्राहक : तो रकाना मी पाडीन, आणि माझे अनुमान शेजारी पेन्सिलीने लिहीन. पेटी चालू करावी की नाही, यावर मात्र आपले एकमत झालेले नाही आणि इतक्यात होईलसे दिसत नाही. तोवर जेथे एकमत आहे तेवढी विनंती दोघांच्या नावे करून ठेवू. ज्यांच्या मालकीची बंद पडलेली चित्रगृहे आहेत, ज्यांच्या माळ्यावर टुरिंग टॉकीजच्या पेट्या आहेत, त्यांनी त्या जरूर विकाव्यात. जागेला भाडे पडते आणि संसार कोणाला चुकला आहे! पण मोडवाल्याचा काटा दारात येण्यापूर्वी पेटीची मागचीपुढची छायाचित्रे घ्यावीत, नामपट्टी उचकटू नये, पेटी कोणत्या केबिनमध्ये होती आणि ती कोण चालवत असे हे एका कागदावर लिहून तो आत चिकटवावा, आणि तो ऑपरेटर हयात असेल तर त्याला बोलावून पेटीपुढे बसवून त्याचे म्हणणे टिपून घ्यावे. याला एक दुपार पुरते.